समाजकेंद्राची फेरमांडणी : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून कामाला सुरुवात. कार्यकारिणीच्या ठरावात तीन गोष्टी आहेत : केंद्राचा वापर वाढवणे, जमाखर्चाचा मेळ बसवणे, आणि इमारत सर्वांसाठी सुरक्षित व सोयीची करणे. ही तिन्ही कामं एकमेकांच्या पायात येणार, हे ठराव वाचतानाच जाणवलं. वापर वाढवायचा तर दारं जास्त वेळ उघडी हवीत. दारं उघडी ठेवली की वीज, सफाई आणि माणूस लागतो. तो खर्च भागवायला खोल्या भाड्याने द्याव्या लागतात, आणि खोल्या भाड्याने गेल्या की सहज म्हणून येणाऱ्याला बसायला जागाच राहत नाही. हे चक्र नेमकं कुठे तोडायचं, तेच शोधायचं आहे.

नोंदीसाठी इमारतीचा आराखडा : मधे सभागृह, मागे दोन वर्गखोल्या, रस्त्याच्या अंगाला एक मोठी खोली (तिला सगळे ‘पुढची खोली’च म्हणतात), कार्यालय, सामानाची खोली. सभागृहाला मागून एक दार. प्रवेशाला तीन पायऱ्या.

९ जानेवारी

बुकिंगची वही घेऊन बसलो. मागच्या वर्षभराची पानं चाळली. संध्याकाळी सहा ते नऊ सगळं भरलेलं, सकाळ तुरळक, दुपार कोरी. वही बघून कुणीही म्हणेल, केंद्र उत्तम चाललं आहे, जागा कमी पडते आहे.

पण संध्याकाळी प्रत्यक्ष चक्कर मारली तर वहीत भरलेलं सभागृह अंधारात होतं. चौकशी केल्यावर कळलं, बरेच गट वर्षानुवर्षं एक वार धरून आहेत. दर वेळी येतातच असं नाही, पण वार सोडत नाहीत. सोडला तर दुसरा घेईल आणि परत मिळणार नाही, ही भीती. भाडं नाममात्र असल्याने धरून ठेवणं परवडतं. नवीन गटाला मात्र दोन वर्षं एकच उत्तर मिळतंय, ‘जागा नाही’. असे गट नंतर विचारायलाही येत नाहीत, त्यामुळे त्यांची नोंद कुठल्याच वहीत सापडत नाही.

यापुढे दोन रकाने वेगळे : ‘राखीव’ आणि ‘प्रत्यक्ष वापर’. दुसरा रकाना रखवालदारकाका रोज रात्री भरतील.

१५ जानेवारी

आजचा दिवस काकांबरोबर काढला. कागदावर त्यांचं काम दारं उघडणं, बंद करणं आणि राखण एवढंच. प्रत्यक्षात हे केंद्र त्यांच्या डोक्यात आहे. डावीकडची तिसरी खिडकी वर उचलून ओढावी लागते. सभागृहातले दिवे आणि मागच्या खोलीतले पंखे एकाच सर्किटवर आहेत, म्हणून सगळं एकदम लावलं की फ्यूज उडतो. कुठल्या गटाला किती खुर्च्या लागतात आणि कुठला गट त्या परत जागेवर ठेवत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे.

त्याहून महत्त्वाचं दुसरं. एक आजोबा रोज दहाच्या सुमाराला पुढच्या खोलीत पेपर वाचायला येतात. सलग दोन दिवस दिसले नाहीत तर काका त्यांच्या शेजाऱ्यांकडे निरोप धाडतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. एक बाई मुलीला वर्गात सोडून तास संपेपर्यंत तिथेच थांबतात, कारण घरी जाऊन परत येणं जमत नाही. परीक्षेच्या दिवसांत चार-पाच मुलं अभ्यासाला बसतात. यातलं एकही नाव बुकिंगच्या वहीत नाही, कारण यातल्या कुणीच काही बुक केलेलं नाही.

काकांना विचारलं, ‘ही माणसं कशासाठी येतात असं तुम्हाला वाटतं?’ ते म्हणाले, ‘इथं आलं की कोणी विचारत नाही ना, कशाला आलात म्हणून.’

हे वाक्य जसंच्या तसं अहवालात घालणार आहे. देखभालीची वेगळी वही आजच सुरू केली. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कागदावर आलं पाहिजे. ते रजेवर गेले तर इमारत कुणालाच चालवता येणार नाही, अशी आज स्थिती आहे.

२२ जानेवारी

अहवालाच्या पहिल्या भागासाठी जुना इतिहास वाचतोय. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८४ साली सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने टॉयनबी हॉल सुरू केला : शिकलेल्या माणसांनी गरीब वस्तीतच राहून काम करावं, असं केंद्र. ते बघून प्रभावित झालेल्या जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस उघडलं. सुरुवातीला त्यांच्या डोक्यात साहित्यवाचन आणि कलेचे वर्ग होते. दारं उघडल्यावर वस्तीने स्वतःची निकड समोर ठेवली : कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांना सांभाळायला जागा नाही, अंघोळीची सोय नाही, मुलांना खेळायला मैदान नाही. मग बालवाडी आली, स्नानगृहं आली, क्रीडांगण आलं. तिथे राहणाऱ्या फ्लोरेन्स केली यांनी कारखान्यांतल्या बालमजुरीचा अभ्यास केला. १८९३ मध्ये इलिनॉय राज्यात कारखान्यांच्या तपासणीचा कायदा झाला आणि पहिल्या मुख्य निरीक्षक म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. अ‍ॅडम्स यांना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी दार उघडलं, मग गरज कळली, उपक्रम त्यानंतर आले. आपण उलटं करतो : आधी उपक्रमांची यादी छापतो आणि मग लोक का येत नाहीत म्हणून विचार करत बसतो.

३० जानेवारी

सामानाची खोली. केंद्रातली सगळी भांडणं इथे जन्म घेतात.

प्रत्येक गटाचं इथे काहीतरी आहे. कुलूपबंद कपाटं, खोके, गुंडाळलेले पडदे, मोडका माइक-स्टँड, कुणाच्या तरी नाटकाचं लाकडी सिंहासन. कपाटांना कुलपं आहेत, किल्ल्या कुणाकडे आहेत ते सांगता येत नाही. खुर्च्या तीन वेगवेगळ्या प्रकारच्या, त्यामुळे एकावर एक नीट बसत नाहीत. थप्पी वाकडी होते, दाराशी येते, आणि मग प्रत्येक जण पुढची थप्पी हलवून मागचं सामान काढतो. एका वर्गानंतर दुसरा वर्ग सुरू व्हायला मधे जो वेळ लागतो त्यातला बहुतेक या खोलीत जातो.

सूचना लावली : महिनाअखेरपर्यंत प्रत्येक गटाने आपल्या सामानावर नाव, फोन आणि तारीख लिहावी. ज्यावर काही लिहिलेलं नसेल ते पुढच्या बैठकीत मांडून विल्हेवाट लावू. प्रत्येक गटाला सारख्या मापाचा एक कप्पा. उघडे रॅक, कपाटं नाहीत. कपाटात काय आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

खुर्च्यांचं मात्र टप्प्याटप्प्यानेच होईल. यापुढे घ्यायच्या त्या एकाच प्रकारच्या, हे लेखी ठरवून ठेवलं.

६ फेब्रुवारी

बुकिंगच्या नियमांची बैठक. सगळ्या गटांचे प्रतिनिधी बोलावले होते, शिवाय फलकावर लावून ‘जागा न मिळालेल्यांना’ही बोलावलं. ते आले, हे आजचं मोठं यश.

बैठकीआधी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची मांडणी पुन्हा वाचली. कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी अशी सामायिक साधनं लोक स्वतः कशी टिकवतात याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. अर्थशास्त्राचं नोबेल (२००९) मिळालेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या निष्कर्षांतले दोन मला आपल्याला थेट लागू वाटतात. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांना ते बदलण्यात वाटा हवा. आणि नियम मोडल्यावरची शिक्षा पायरीपायरीने वाढणारी हवी, पहिल्याच फटक्याला बाहेर काढणारी नको. संध्याकाळचे तासही पाटाच्या पाण्यासारखेच : मर्यादित, आणि वरच्याने जास्त घेतले की खालचा कोरडा.

बरीच वादावादी होऊन जे ठरलं ते असं. कुठलाही वार कायमचा नाही. दर सहा महिन्यांनी सगळ्यांनी नव्याने अर्ज करायचा. येणार नसाल तर दोन दिवस आधी कळवायचं. न कळवता गैरहजर राहिलात तर पहिल्यांदा फोन, दुसऱ्यांदा लेखी समज, तिसऱ्यांदा तो वार त्या सहामाहीपुरता प्रतीक्षायादीतल्या पहिल्या गटाकडे. नव्या गटाला पहिल्या तीन बैठका विनामूल्य. भाड्याचे तीन दर : व्यावसायिक वापराला पूर्ण, वर्गणी घेऊन चालणाऱ्या गटाला निम्मं, सर्वांना खुल्या आणि विनामूल्य उपक्रमाला फक्त विजेचा खर्च.

एका जुन्या गटाच्या ताई नाराज होत्या. ‘आम्ही हे केंद्र उभं केलं, आता आम्हालाच अर्ज करायला लावता?’ त्यांचं दुखणं खरं आहे. ज्यांनी पडत्या काळात इमारत सांभाळली त्यांना नव्यांच्या रांगेत उभं करणं जड जातं. पण त्यांच्याच गटाची सरासरी उपस्थिती आणि प्रतीक्षायादी शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांनीच सुचवलं, की जुन्या गटांना बरोबरीच्या अर्जात प्राधान्य द्या, पण बरोबरी झाली तरच. ते सगळ्यांना पटलं. कागदावर मी आणलेल्या मसुद्यापेक्षा हे कलम चांगलं आहे.

१४ फेब्रुवारी

मागच्या दाराचं कुलूप.

सभागृहाचं मागचं दार आतून कडी आणि बाहेरून कुलूप असं बंद असतं. कारण विचारलं तर ‘चोरी होऊ नये म्हणून’. कार्यक्रम चालू असतानाही ते बंदच. शिवाय दार आत उघडतं, आणि त्याला लागूनच खुर्च्यांची थप्पी.

हे आजच्या आज थांबवलं. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉइ नाट्यगृहाला आग लागली, ६०२ माणसं गेली. बाहेर पडायच्या वाटा होत्या. काही पडद्याआड झाकलेल्या, काही कुलूपबंद, काहींच्या कड्या लोकांना उघडता येईनात. त्या आगीनंतरच दारावर आडवी दांडी बसवण्याची पद्धत रूढ होत गेली : अंगाने ढकलली की दार बाहेर उघडतं, किल्ली लागत नाही, विचार करावा लागत नाही. बाहेरून मात्र ते बंदच राहतं, म्हणजे चोरीची काळजीही मिटते.

दांडीचं कुलूप आणि बाहेर उघडणारं दार, असं काम सुताराला दिलं. तोवर सभागृहात माणसं असताना मागच्या दाराचं कुलूप काढलेलं असेल आणि काका किंवा स्वयंसेवक तिथे असेल. थप्पीची जागा बदलली, जमिनीवर पिवळा पट्टा मारला. सभागृहात एका वेळी किती माणसं चालतील याचा आकडा दोन्ही दारांवर लावला. बसवता किती येतील हा हिशेब इथे कामाचा नाही. दोन दारांतून वेळेत किती बाहेर पडतील, यावर तो आकडा काढला आहे.

२५ फेब्रुवारी

सभागृहात ऐकू येत नाही, ही जुनी तक्रार. नवा लाउडस्पीकर घ्यावा अशी सूचना चार वेळा इतिवृत्तात आली आहे. आवाज कमी पडतो आहे का, हे तपासायला मधे उभं राहून टाळी वाजवली. टाळी विरायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आवाज भरपूर आहे, तो विरत नाही ही अडचण. एक शब्द संपायच्या आत पुढचा येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. मोठा लाउडस्पीकर आणला तर गोंगाटच मोठा होईल.

यावरचं सूत्र हार्वर्डचे वॉलेस सॅबाइन यांचं. १८९५ च्या सुमाराला त्यांच्याकडे विद्यापीठातलं एक व्याख्यानगृह सोपवलं गेलं, कारण तिथे बोललेलं समजत नव्हतं. ते रात्री, सगळं शांत झाल्यावर, दुसऱ्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या आणून तिथे मांडत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. त्यातून निघालं ते असं : वेळ (सेकंद) = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. शोषण म्हणजे खोलीतल्या सगळ्या वस्तू आणि माणसं मिळून जेवढा आवाज शोषतात तेवढा पूर्ण शोषून घ्यायला किती चौरस मीटर पृष्ठभाग लागेल तो आकडा.

आपलं सभागृह १२ × ९ × ४ मीटर, म्हणजे ४३२ घनमीटर. त्याला ०.१६१ ने गुणलं की ७० च्या जवळपास. आज वेळ सुमारे २.४ सेकंद धरली तर शोषण २९ चौरस मीटरच्या आसपास येतं. बोलणं स्पष्ट कळायला वेळ एक सेकंदापर्यंत खाली आणायची, म्हणजे शोषण ७० हवं. तूट साधारण ४० ची. आवाजाचा ८० टक्के भाग शोषणारी फलकं घेतली तर ५० चौरस मीटर लागतील, म्हणजे निम्म्या छताहून थोडं कमी.

या हिशेबाने आणखी एक कोडं सुटलं. मोठ्या सभेत सगळं ठीक ऐकू येतं आणि दहा जणांच्या वर्गात नाही, असं का? बसलेला एक माणूस अंदाजे अर्धा चौरस मीटर शोषण करतो. ऐंशी माणसं जमली की तूट आपोआप भरून निघते. सभागृह भरलेलं असतानाच्या अनुभवावरून आजवर निर्णय होत आले, आणि त्रास होत होता तो छोट्या गटांना.

लाउडस्पीकरचा ठराव मागे घेतला. फलकं छताला.

५ मार्च

मागच्या वर्गखोल्यांत मुलं पेंगतात, अशी शिकवणाऱ्यांची तक्रार. कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र उसनं आणलं. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दशलक्षात ४२० च्या आसपास असतं. खोलीत हजाराच्या वर गेलं की हवा पुरेशी खेळत नाही असं समजावं. खिडक्या बंद ठेवून वर्ग चालतो तेव्हा हजाराचा टप्पा तास संपायच्या बराच आधी ओलांडला जातो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की आकडा झपाट्याने उतरतो. दोन तासांच्या मधे दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघड्या, हा नियम. खर्च काही नाही.

१२ मार्च

ज्याची धास्ती होती ते आज आलं. एका प्रशिक्षण वर्गाने पुढची खोली मागितली आहे. रोज दुपारी बारा ते पाच, पूर्ण दराने, वर्षभराचं भाडं आगाऊ द्यायला तयार.

खजिनदारबाईंनी मुद्दा स्वच्छ मांडला. ‘दुपारी त्या खोलीत किती माणसं असतात? कधी सहा, कधी दोन, कधी एकही नाही. हे भाडं आलं तर रॅम्प होतो, छताची फलकं होतात, काकांचा पगार वाढवता येतो. सोडून दिलेलं भाडं हाही खर्चच आहे, आणि तो आपण सगळ्यांच्या वतीने करतो.’

त्यांचं म्हणणं डावलण्यासारखं मुळीच नाही. केंद्र बंद पडतं ते बहुधा भांडणाने नाही, दुरुस्तीला पैसे नसल्याने पडतं. निर्णय दोन आठवडे पुढे ढकलला. मला या दोन आठवड्यांत आकड्यांनी आणि विचाराने दोन्हींनी उत्तर द्यायचं आहे.

१९ मार्च

आधी विचार.

लंडनमधल्या पेकहॅम इथे जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इन्स पिअर्स या डॉक्टरांनी आरोग्यकेंद्राचा एक प्रयोग चालवला. १९३५ मध्ये त्यासाठी मुद्दाम इमारत बांधली. मधे पोहण्याचा तलाव, आणि आतल्या भिंती बहुतांशी काचेच्या. दुसरे काय करताहेत ते येणाऱ्याला सतत दिसावं, आणि दिसलं की करून बघावंसं वाटावं, अशी ती रचना. कुणाला कार्यक्रमात ढकलायचं नाही, फक्त दिसू द्यायचं. साओ पाउलोत लीना बो बार्दी यांच्याकडे ड्रम (पिंपं) बनवणाऱ्या एका जुन्या कारखान्याचं केंद्र करायचं काम आलं. पाडून नवं बांधता आलं असतं. पण त्या रिकाम्या कारखान्यात कुटुंबं आधीच येत होती, मुलं खेळत होती. त्यांनी शेड राखली आणि आत एक प्रचंड मोकळी जागा ठेवली : वाचायला, बसायला, शेकोटीशी गप्पा मारायला, किंवा काहीच न करायला. ‘सेस्क पॉम्पेया’ १९८२ मध्ये उघडलं आणि आजही गजबजलेलं आहे.

दोन्ही ठिकाणी मोकळी जागा हा शिल्लक राहिलेला भाग नव्हता, इमारतीचा गाभा तोच होता. वर्गाला येणारा माणूस आधी ठरवून येतो : मला अमुक शिकायचं आहे, माझ्याकडे वेळ आणि पैसे आहेत, मी त्या गटात बसतो. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला शिरायला एकच वाट आहे, ती म्हणजे पुढची खोली. माझ्या मते ती खोली गेली की उरते ती भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांची इमारत. चांगली, उपयोगी; पण तिला समाजकेंद्र म्हणता येणार नाही.

आता आकडे. विमा, काकांचा पगार, पाणी, विजेचा स्थिर आकार हे खर्च पुढची खोली उघडी असो वा बंद, तेवढेच. ती उघडी ठेवण्याचा वाढीव खर्च दोन दिवे, दोन पंखे आणि झाडलोट एवढाच. प्रश्न उरतो सोडून दिलेल्या भाड्याचा. पण मागच्या दोन्ही वर्गखोल्या दुपारी कोऱ्या आहेत. मग प्रशिक्षण वर्गाला पुढचीच खोली का हवी? जाऊन विचारलं. उत्तर सरळ होतं : रस्त्यावरून दिसते म्हणून. नव्या विद्यार्थ्यांना पाटी दिसली पाहिजे.

म्हणजे त्यांना पाटी हवी आहे, खोली कुठलीही चालेल.

२८ मार्च

निर्णय झाला. प्रशिक्षण वर्ग मागच्या मोठ्या खोलीत, दुपारी, पूर्ण दराने. त्यांची पाटी रस्त्याच्या अंगाला, दर्शनी. पुढची खोली आणि मधली मार्गिका यांमधल्या भिंतीत मोठी खिडकी काढायची, म्हणजे पुढे बसलेल्याला आत काय चाललंय ते दिसेल.

ठरावात एक कलम घालून घेतलं : पुढच्या खोलीचं बुकिंग कुठल्याही दराने, कुणालाही, कितीही तासांसाठी देता येणार नाही. बदल करायचा तर सर्वसाधारण सभेत, दोन तृतीयांश मतांनी. खजिनदारबाईंनीच ‘कार्यकारिणीलाही नाही’ हे शब्द जोडायला लावले. ‘पुढच्या वर्षी तंगी आली तर मीच पुन्हा मागेन,’ म्हणाल्या, ‘तेव्हा मला अडवायला लेखी हवं.’

८ एप्रिल

रॅम्प. पायऱ्या तीन, प्रत्येकी १५ सेंटीमीटर, म्हणजे ४५ सेंटीमीटर चढ. १ ला १२ या उताराने ५.४ मीटर लांबी लागते. सरळ रेषेत तेवढी जागा नाही, म्हणून मधे वळण आणि वळणावर दीड मीटर सपाट. चाकाच्या खुर्चीला फिरायला तेवढं लागतंच. कंत्राटदाराने उतार थोडा तीव्र करून वळण वाचवायचं सुचवलं. नाही म्हटलं. स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत वर येणाऱ्याला तो फरक प्रत्येक वेळी खांद्यात जाणवतो, आणि बाळाची गाडी ढकलणाऱ्यालाही. दोन्ही बाजूंना कठडा.

२० एप्रिल

पहिला दुरुस्ती-दिवस, पुढच्या खोलीत. कल्पना मार्टिना पोस्टमा यांची. त्यांनी २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पहिलं ‘रिपेअर कॅफे’ भरवलं आणि तिथून ती जगभर गेली. नियम एकच : वस्तू टाकून जायचं नाही, दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसायचं.

एक टेबलफॅन आला. बटण दाबलं की गुणगुणतो, पातं फिरत नाही. हाताने ढकललं की सावकाश फिरायला लागतो. दुरुस्तीला बसलेले निवृत्त वायरमन काका म्हणाले, ‘मोटर चांगली आहे, कपॅसिटर गेलाय.’ घेऊन आलेल्या मुलीलाच मागची झाकणी उघडायला लावली, आधी प्लग काढून दाखवला, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज आधी काढून टाकायची कशी ते सांगितलं, त्याच मूल्याचा नवा बसवून घेतला. पंखा फिरला तेव्हा आजूबाजूचे चार जण उभे राहून बघत होते. त्यातला एक पेपर वाचायला येणारे आजोबा. ते पुढच्या वेळी स्वतःचा रेडिओ आणणार आहेत, आणि शिवणयंत्र त्यांना दुरुस्त करता येतं असंही त्यातून निघालं. एवढी वर्षं ते येताहेत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

४ मे

उष्णतेच्या लाटेची तयारी. जुलै १९९५ मध्ये शिकागोत आलेल्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी शेजारी शेजारी असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. गरिबी आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, मृत्युदरात मात्र सुमारे दहापट फरक. जिथे रस्ते गजबजलेले, जायला-यायला जागा आणि निमित्तं होती तिथे वृद्ध घराबाहेर पडत होते. जिथे घरं ओस पडलेली, तिथे ते दार लावून आत राहिले.

आपल्याकडे काय करायचं ते यातूनच ठरलं. इशारा आला की पुढची खोली रात्री नऊपर्यंत उघडी. गार पाणी, पंखे, झोपता येईल अशी दोन बाकं. एकटे राहणाऱ्यांची यादी, ज्यांनी स्वतःहून नाव दिलं त्यांचीच. यादी कार्यालयात कुलपात. दोन-दोन स्वयंसेवकांकडे काही घरं, दिवसातून दोनदा फोन, फोन उचलला नाही तर प्रत्यक्ष जाणं. काका आजोबांसाठी जे करत आले आहेत तेच, फक्त नियम लावून आणि अधिक घरांसाठी. पण अडीअडचणीला लोक पाऊल टाकतील ते रोजच्या ओळखीच्या जागेतच. एरवी बंद असलेलं केंद्र संकटाच्या दिवशी उघडून उपयोग थोडाच होतो.

१८ मे

पुढच्या खोलीत संध्याकाळी मुलांचा घोळका आणि बुद्धिबळवाले ज्येष्ठ यांच्यात आवाजावरून खटके. ‘मुलांना बंदी घाला’ अशी लेखी मागणी. बंदी घालणार नाही. बुद्धिबळाची टेबलं खिडकीकडच्या कोपऱ्यात, मधे पुस्तकांचं रॅक आडवं, मुलांना सहानंतर वर्गखोलीतला एक मोकळा तास. चार दिवस झाले, मागणी करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ दोन मुलांना घोड्याची चाल शिकवताना दिसले.

२ जून

जमाखर्च. ‘राखीव’ आणि ‘प्रत्यक्ष वापर’ या दोन रकान्यांतलं अंतर आता फारसं उरलेलं नाही. सोडवलेल्या संध्याकाळी आणि दुपारच्या मागच्या खोल्या यांमुळे भाड्याचं उत्पन्न वाढलं, तेही पुढच्या खोलीला हात न लावता. छताची निम्मी फलकं बसली. उरलेली पुढच्या सहामाहीत. देखभाल निधीत दर महिन्याला ठरावीक वाटा आधी बाजूला काढायचा आणि मग खर्च करायचा, असा क्रम खजिनदारबाईंनी लावला आहे. तो निधी निदान सहा महिन्यांच्या स्थिर खर्चाएवढा व्हावा, हे लक्ष्य.

देणगीदारांसाठी अहवाल लिहिताना ‘लाभार्थी किती’ हा रकाना आला. पुढच्या खोलीत येणाऱ्यांची हजेरी घ्यायची नाही, हे आधीच ठरलेलं आहे. सही मागितली की निम्मे लोक येणं थांबवतील. तिथे आकड्याऐवजी खोली किती तास उघडी होती ते लिहिलं, आणि खाली काकांचं जानेवारीतलं वाक्य.

१४ जून

जुलै ते डिसेंबरचं वेळापत्रक फलकावर लागलं. प्रतीक्षायादीतल्या तीन गटांना वार मिळाले. त्यात बहिऱ्या तरुणांचा एक खुणांच्या भाषेतला गट आहे, त्यांनी स्वतःहून सभागृह मागितलं कारण तिथे उजेड चांगला आहे आणि गोलात बसता येतं. बैठकीत नाराज झालेल्या ताईंच्या गटाने दोनपैकी एक वार आपणहून सोडला. रविवारची जबाबदारी अभ्यासाला येणाऱ्या मोठ्या मुलांनी मागितली आहे. सही घेऊन एक किल्ली त्यांच्याकडे दिली. पहिले काही रविवार काका सोबत असतील, मग नसतील.

राहिलेली कामं : श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी सभागृहात इंडक्शन लूप (माइकचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारं तारेचं वेटोळं), पुढच्या खोलीची खिडकी (चौकट आली, काच यायची आहे), स्वच्छतागृहाचं दार ९०० मिलिमीटर रुंद करणं. दाराच्या कामाला सुतार ९ जुलैला येणार. त्या दिवशी मागच्या दोन्ही खोल्यांचं बुकिंग घेऊ नये, अशी सूचना वहीच्या पहिल्या पानावर आणि फलकावर लावली. पुढची खोली नेहमीसारखी सकाळी आठला उघडेल.